मापाला हलायचं नाही

शाळा उघडायच्या आधीचे आठवडे म्हणजे आमच्या दुकानाचं सगळं वर्ष. गणवेश शिवतो आम्ही. खाली दुकान, वर घर, आणि मधल्या जिन्यावर काजं-बटणं करायच्या शर्टांचे ढीग. त्यामुळे वर जायचं म्हणजे उड्या मारतच. कापायला माझा मुलगा, मशिनीवर सून आणि दोन कारागीर, हातशिलाईला शेजारची मावशी. माप मात्र मी घेते. टेप माझ्या गळ्यात असते आणि तिथून ती कुणी काढलेली मला खपत नाही. मुलालासुद्धा घेऊ देत नाही. त्याचा स्वभाव मऊ, पोरं त्याच्याशी खेळायला लागतात.

माझ्याशी कुणी खेळत नाही. शाळा मला फारशी नाही, दुकानावरची पाटी अजून बोट फिरवत वाचते. पण पोर दारात आलं की त्याचा खांदा, बाही, उंची मला तिथंच दिसते. टेप लावायची ती आईची खात्री पटावी म्हणून. "हात खाली. मान वर. हलायचं नाही." एवढंच म्हणते. एखादं चुळबुळलं तर दंडाला धरून सरळ करते. रडायला लागलं तर म्हणते, "ए, टेप आहे, साप नाही." बायका हसतात आणि पोर गप्प होतं. गल्लीतली दोन पिढ्यांची पोरं माझ्या हाताखाली अशी दगड होऊन गेलीत, आणि मला त्याचा केवढा तरी अभिमान होता.

नात माझी दुसरीत आहे. पाय एका जागी ठरत नाहीत म्हणून तिला मी भिंगरी म्हणते, आता सगळेच म्हणतात. जेवताना उभी, अभ्यास करताना उलटी. पण टेप दिसली की पुतळा. एखाद्या गिऱ्हाइकाचं पोर हातपाय झाडायला लागलं की मी भिंगरीला हाक मारायची. ती यायची, उभी राहायची, पापणीसुद्धा हलवायची नाही. "बघा," मी बायकांना म्हणायची, "आमच्या घरातलं पोर. कुणीही टेप लावा, जागचं हलणार नाही."

हे वाक्य मी कितीदा बोलले असेन, आणि कुणाकुणाच्या समोर.

सुट्टी लागायच्या आधी शाळेत पालकांची सभा झाली, तिथून सून काहीतरी शिकून आली आणि रोज रात्रीच्या जेवणाला परीक्षा सुरू झाली.

"शाळेबाहेर कुणी म्हणालं, तुझी आई पडली, चल माझ्यासोबत. काय करशील?"

"जाणार नाही. बाईंकडे पळणार."

"ओळखीचा असला तर?"

"तरी नाही."

"कुणी हात लावला आणि तुला आवडलं नाही तर?"

"नको म्हणणार. मोठ्यांदा. मग तिथून जाणार. मग सांगणार."

"आणि कुणी म्हणालं, आजीनं पाठवलंय, तर?"

भिंगरीनं माझ्याकडे पाहिलं. "आजीला विचारणार. खरंच सांगितलंस का म्हणून."

"आणि आजी तोवर मेली असली तर?" मी म्हटलं.

मुलगा हसला, भिंगरी खिदळली. सून हसली नाही. "आई, मी गमतीत नाही शिकवत हे."

"अगं मी कुठं म्हणते गमतीत? पण पोरीला घरात राहायचंय की कचेरीत? उद्या तिचे केस विंचरायला मी अर्ज करायचा का?"

"विचारलंत तर काय बिघडेल? तिचं शरीर तिचं आहे."

"हो, आणि त्याला खायला घालते ती आजी कुणाची?"

माझ्या जिभेला उत्तरं लगेच सापडतात. सून ताट घेऊन उठली. मी जिंकले असं मला वाटलं. भिंगरीनं मात्र सगळं मनावर घेतलं होतं. मी तिची वेणी घालायला बसले की ती म्हणायची, "विचार ना आधी." मी म्हणायची, "राणीसरकार, हुकूम असेल तर वेणी घालू?" ती मान डोलवायची. मला ते नाटक वाटायचं, तिला वाटत नव्हतं.

आता बटणवाल्याचं सांगते. सांगायला जीभ जड होते, पण त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

बटणं, चेन, दोरे, इलॅस्टिक, सगळं तोच आणायचा. एक बंद गाडी होती त्याची, आतून दोन्ही बाजूंना खणच खण. मागचं दार उघडलं की पोरांची झुंबड. प्राण्यांची बटणं, फुलांची बटणं. गोडबोल्या माणूस. माझे मालक गेले त्या वर्षी बाकी सगळ्यांनी माल द्यायला हात आखडता घेतला, यानं घेतला नाही. तेव्हापासून मला ताई म्हणायचा आणि मी त्याला भाऊ. गल्लीत कुणी म्हटलं, "पोरं सारखी त्याच्या गाडीत काय करतात हो?" तर मी म्हणायची, "माझा भाऊ आहे तो. माझ्या नातीला सोडते मी त्याच्याजवळ, तुमच्याला काय सोनं लागलंय?" पलीकडच्या इस्त्रीवालीची पोरगी एकदा गाडीत चढायला तयार नव्हती, तिला मी स्वतः हाताला धरून चढवलं होतं. "जा, काका काही खात नाहीत."

त्या दुपारी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. एका पोराच्या पँटची घडी मी टाचत होते. टाचण्या आम्ही ओठांत धरतो, हात मोकळे राहतात. तोंडात टाचण्या, समोर पोर, मागे रांग. भिंगरी माझ्या कोपराशी आली.

"आजी, बटणकाका म्हणतात, गाडीत ये, तुझं माप घ्यायचंय. म्हणतात, आजीनं सांगितलंय. तू सांगितलंस का?"

मी मान हलवली. हो अशी. तोंडात टाचण्या होत्या, बोलायचं म्हणजे त्या काढायच्या, आणि तिनं काय विचारलं त्यातलं अर्धं माझ्या कानावर आलंच नव्हतं. कटकट जावी म्हणून हलवली मान. ती उभी राहिली. "नक्की?" मी पुन्हा हलवली, आणि कोपरानं तिला बाजूला सारलं.

ती गेली. पोरीनं आईनं शिकवलं तसंच केलं होतं, अक्षर न चुकवता. आजीला विचारलं. आजी मेलेली नव्हती, समोर बसली होती.

परत आली तेव्हा मी दुसऱ्या पोराची कॉलर बघत होते.

"आजी, त्यांना माप घेताच येत नाही."

"कुणाला?"

"काकांना. ते आकडा बोललेच नाहीत. टेप घट्ट धरली आणि सोडेचनात. गाडीचं दार लावून घेतलं होतं. मला आवडलं नाही."

समोरची बाई घाईत होती, तिला बस गाठायची होती. तीच काय, सगळी रांगच घाईत होती. "गंमत करत असतील," मी म्हटलं. "मोठ्या माणसांबद्दल असं बोलू नये. जा, वर जा, पायात येऊ नकोस."

माझ्या टेपला मी पोटच्या पोराला हात लावू देत नाही, आणि दुसऱ्या कुणीतरी आपली टेप माझ्या नातीला लावली होती, आणि मी तिला म्हटलं पायात येऊ नकोस. नंतर मी हे स्वतःलाच कितीदा ऐकवलंय. काही उपयोग होत नाही.

पुढचे काही दिवस भिंगरी जिन्यावरच बसायची. बटणवाल्याची गाडी आली की ढीग ओलांडून वर पळायची. मला वाटलं, नवी पुस्तकं चाळत असेल.

मग तो दिवस. एक नवी शाळा आमच्याकडे आली होती, त्यांचा फ्रॉक वेगळा, कमरेला पट्टा. बायका, पोरी, भरलेलं दुकान. एक छोटी मुलगी टेप बघून आईच्या मागे लपली. मी नेहमीसारखी हाक मारली, "भिंगरे, ये गं, दाखव हिला."

भिंगरी जिन्यावरून म्हणाली, "नको."

"अगं ये की. सगळे थांबलेत."

"नको म्हटलं ना."

बायका हसल्या. एकजण म्हणाली, "पुतळा आज सुट्टीवर दिसतोय." मलाही हसू आलं, पण ते हसू माझ्यावर होतं आणि ते मला सोसत नाही. मी उठले, तिला दंडाला धरून खाली आणलं, वळवलं आणि कमरेला टेप टाकली.

ती ओरडली. असा आवाज तिच्यात आहे हे मला ठाऊक नव्हतं. "नको! हात लावू नकोस! सोड!" मशिनी थांबल्या. बाहेरून जाणारा एकजण दारात डोकावला. माझ्या दुकानात, माझ्या नातीनं, माझ्या हाताला!

मी तिच्या थोबाडीत मारली.

"आजीला नको म्हणतेस? हे शिकवतात तुला?"

ती रडली नाही. गालाला हातही लावला नाही. हात खाली, मान वर, जशी मी उभी करते तशी उभी राहिली. आईच्या मागे लपलेली ती छोटी मुलगी हळूच पुढे आली आणि मापाला उभी राहिली. न सांगता. मी तिचं माप घेतलं. घेतलं मी! आकडे बोलले, पण लिहून घ्यायला सून जागेवर नव्हती. ती भिंगरीला उचलून जिना चढत होती.

रांग संपवून मी वर गेले. मनात सगळी वाक्यं तयार होती, सुनेला ऐकवायची. दार लोटलेलं होतं. आतून भिंगरीचा आवाज येत होता, अगदी साधा, पाढे म्हणावेत तसा.

"...म्हणाले, हे आपलं गुपित. आजीला सांगायचं नाही."

"मग तू काय केलंस?"

"हलले नाही. मापाला हलायचं नाही ना."

"बरोबर. तू काही चुकीचं केलं नाहीस. ऐकतेस ना? काहीच नाही. मग?"

"मग मी आजीला सांगितलं. तेव्हाच. आधी विचारलंसुद्धा होतं. ती हो म्हणाली."

मी दाराबाहेर, हातात चष्मा. पाय आत जाईनात आणि खालीही जाईनात. शेवटी जिन्यावर बसले, शर्टांच्या ढिगावर. घडी केलेले शर्ट, माझ्या अंगाखाली चुरगळले. एरवी कुणी बसलं असतं तर मी त्याची सालटी काढली असती.

आणि इथं मी रडावं, मला पश्चात्ताप व्हावा असं कुणालाही वाटेल, पण ते झालं नाही. पहिला विचार आला तो दुकानाचा. मुलगा वर आला, सुनेनं त्याला बाजूला घेऊन सांगितलं. त्याचा चेहरा पांढरा झाला. तो कोपऱ्यातली कात्री उचलून तशीच खाली ठेवून परत उचलायला लागला. मी म्हणाले, "हे चार भिंतींत राहू द्या. मी बोलते त्याच्याशी. उद्यापासून गाडी बंद. दुसरा बटणवाला बघू."

"एवढंच?" सून म्हणाली.

"आणखी काय? दवंडी पिटायची? पोरीचं नाव होईल सगळीकडे. लोक काय बोलतील?"

"आई, पोरीचं नाव होईल की तुमचं?"

आमच्या घरात मला असं कुणी बोललेलं नाही. मुलानं मान वर केली. मी अंगाखालचे चुरगळलेले शर्ट ओढून त्यांच्या घड्या सरळ करायला लागले.

"तुम्ही त्याला भाऊ म्हणालात," सून म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, तेच वाईट. "गल्लीतल्या सगळ्या पोरांना तुम्ही त्या गाडीत धाडलंत. ती पोरं आजही चढतील. तुम्ही गाडी आपल्या दारातून बंद कराल, तो पुढच्या दारात उभी करेल."

खालून हॉर्न वाजला. दोनदा छोटा, एकदा लांब. त्याचाच. इलॅस्टिक द्यायला आला होता.

मुलगा जिन्याकडे झेपावला, मी त्याला अडवलं. "तू कात्री ठेव. मी जाते." मुलगा खाली जाऊन एखादी भलतीच गोष्ट करून बसेल अशी भीती होती, हे खरं. पण त्याहून खरं म्हणजे मला आधी त्याच्या तोंडून ऐकायचं होतं की असं काही झालंच नाही.

खाली आणखी गिऱ्हाइकं आली होती. तो काउंटरवर रिळं मांडत होता.

"ताई, पांढरं आणलंय, काळं उद्या."

"भिंगरीचं माप घेतलंस तू?"

त्याचा हात क्षणभरच थांबला. "हो, म्हणजे गंमत हो. लेकरू आहे. त्यांना खेळ लागतो."

"दार लावून?"

"ऊन येत होतं." हसला. "ताई, लहान पोरं काहीही बोलतात. तुम्ही कधीपासून मनावर घ्यायला लागलात? आणि तुम्हीच तर सांगता सगळ्यांना, कुणीही टेप लावा, आमचं पोर जागचं हलणार नाही."

लाज सांगायची तर ही. त्यानं 'गंमत' म्हटलं तेव्हा एक क्षण मला बरं वाटलं होतं. हुश्श झालं होतं. मी त्याला मान हलवून मोकळं करणार होते, टाचण्या तोंडात नसतानाही. पण त्यानं माझंच वाक्य माझ्यासमोर ठेवलं, जसंच्या तसं, शब्दही न बदलता. दुकानात बसून मी ते बायकांना ऐकवत होते आणि हा रिळं मोजत ऐकत होता. कुठलं पोर हलणार नाही हे त्याला मी सांगितलं होतं.

"ऊठ," मी म्हटलं. तो उभाच होता. मला दुसरा शब्द सुचला नाही. "ऊठ, नीघ इथून. माझ्या पोरीला तू दार लावून आत घेतलंस. नीघ!"

"ताई, लोक ऐकतायत."

"ऐकू देत!"

तो रिळं तशीच टाकून गेला. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. दुकानातल्या बायकांपैकी कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. एकीनं आपल्या मुलाला जवळ ओढून घेतलं, आणि मग माझ्या गळ्यातली टेप काढून काउंटरवर ठेवली. मी बघत राहिले.

मुलगा आणि सून भिंगरीला घेऊन पोलीस चौकीत गेले. निघताना सून म्हणाली, "गल्लीत कोण सांगणार?" प्रश्न मलाच होता. मी चपला घातल्या.

मला वाटलं होतं, मी चांगली बोलते. दारोदार गेल्यावर कळलं, मला फक्त दुसऱ्याला बोलता येतं. किराणावाल्याच्या दारात उभी राहिले, तो म्हणाला, "या या, काकू, आज वाट कशी चुकलात?" त्याची दोन्ही पोरं पोत्यांवर बसून खेळत होती. मी म्हणाले, "तो बटणवाला. त्याच्या गाडीत पोरांना पाठवू नका." "का हो?" "चांगला माणूस नाही तो." "पण तुमचाच ना तो?" मी म्हटलं, "हो. माझाच." मग बाकीचं सांगितलं, खाली बघत. त्यानं वजनाचा काटा हातानं थांबवला आणि पोरांना आत पाठवलं. मला पाणी विचारलं नाही.

मास्तरीणबाई म्हणाल्या, त्यांना तो माणूस कधीच आवडला नव्हता, पण तुमच्यासमोर कोण बोलणार. चांभारानं ऐकून घेतलं आणि थुंकला, माझ्यावर नव्हे, बाजूला. पण बाजू माझ्याकडची होती.

इस्त्रीवालीकडे सगळ्यात शेवटी गेले. मुद्दामच शेवटी. तिच्या पोरीला मी हाताला धरून चढवलं होतं. ती इस्त्री करत होती, पोरगी टेबलाखाली बसून काहीतरी चितारत होती. मी बोलायला लागले तशी बाईनं इस्त्री उभी केली. संपल्यावर ती खाली वाकली, पोरीला विचारलं, अगदी हळू, "राणी, बटणवाले काका तुझ्याशी कसे वागतात?"

पोरगी चितारत राहिली. मग वर न बघता म्हणाली, "या आजींना जाऊ दे. मग सांगते."

मी गेले. दार माझ्या पाठीमागे लागलं. रस्त्यात लोक येत-जात होते, ओळखीचे, नमस्कार करणारे. मी खाली बघत दुकानापर्यंत आले.

दुकान बंद करून बसले होते तोच तिघं परत आले. मुलाच्या हातात तक्रारीचा कागद होता. तो सरळ वर गेला, सूनही. भिंगरी मात्र खाली थांबली. माझ्यापासून दूर, कापायच्या टेबलाच्या पलीकडे. टेबल मध्ये आहे हे तिनं आधी बघून घेतलं. चौकीतल्या पोलीसबाई जमिनीवर बसून बोलल्या तिच्याशी, असं तिनं सांगितलं. साध्या कपड्यातल्या. त्यांना टेपचं सगळं सांगितलं. त्या मध्ये बोलल्याच नाहीत.

"आणि तू?" ती म्हणाली. "आई म्हणाली, तू गल्लीत गेलीस."

"गेले होते."

"सगळ्यांना सांगितलंस?"

"सगळ्यांना."

"काय सांगितलंस?"

"की तो वाईट आहे. की मी त्याला चांगला म्हणत होते, ते चुकलं."

"आणि मी आधी विचारलं होतं ते?"

ती वाट बघत राहिली. ही पोर कधी वाट बघत नाही.

"सांगितलं," मी म्हटलं. "तू विचारलंस आणि मी मान हलवली, हेही सांगितलं." खरंच सांगितलं होतं. मास्तरीणबाईंना. त्या पुढे काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही.

"आणि मला मारलंस ते?"

"ते त्या माणसाचं नाही गं. ते आपलं घरातलं."

"घरातलं नाही. दुकानातलं," भिंगरी म्हणाली. "सगळ्या होत्या. ती लपलेली मुलगीपण होती. तिला वाटलं असेल, नको म्हटलं की मारतात. म्हणून ती आली मापाला. मी बघितलं."

मीही बघितलं होतं. मला वाटलं होतं ती फक्त मलाच दिसली.

"माफ कर," मी म्हटलं. हा शब्द मी माझ्या मालकांनाही कधी म्हटला नव्हता.

तिनं तो ऐकला, पण त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. मुलं खाऊ नको असला की बाजूला ठेवतात, तसा ठेवला. "मला नको सांगू. त्या मुलीला आणि गल्लीत सगळ्यांना सांग. नको म्हटलं ते बरोबर होतं, आणि तू मारलंस ते चूक. असं सांग."

"त्या मुलीचं घर मला ठाऊक नाही."

"उद्या येतील ना त्या, फ्रॉक घालून बघायला. तेव्हा सांग. बाकीच्यांना आत्ता."

"आत्ताच सगळीकडून आले गं. पाय दुखतायत."

ती टेबलाच्या पलीकडून फक्त बघत राहिली, खांद्यापासून पायापर्यंत, मी पोरांकडे बघते तशी. मी चपला शोधल्या. एक टेबलाखाली गेली होती, तिनं ती पायानं माझ्याकडे सरकवली.

किराणावाल्याचं शटर अर्ध्यावर आलं होतं. आत दिवा होता, पोरांचा आवाज होता. शटरखालून बोलायचं तर वाकायला हवं. मी गुडघ्यांवर हात टेकून वाकले आणि त्याला हाक मारली.